माळ्यावरच्या फळ्या

माणिकपूरच्या आमच्या दुकानात पप्पा शवपेट्या करायचे. त्यांचे वडीलही तेच करायचे. गावात कुणी गेलं की पप्पा दोरी घेऊन त्या घरी जायचे, उंचीची एक गाठ मारायचे, खांद्याची एक, आणि मुकाट्यानं परत यायचे. "जित्या माणसाचं माप घेऊ नये," हा त्यांचा नियम. लहानपणी मी एकदा ती दोरी कमरेला गुंडाळली, तर चांगला चोप मिळाला होता.

नव्वदच्या पुढं स्टेशनजवळ बिल्डिंगा उठल्या. कोकणातून, देशावरून, मुंबईतून माणसं राहायला आली. त्यांना कपाटं हवी होती, दिवाण हवे होते, पण पायरी चढल्यावर पेट्या दिसल्या की "अगं बाई!" म्हणत मागे फिरायची. माझं डोकं सणकायचं. "गिऱ्हाईक दारातून परत जातंय आणि आपण माशा मारत बसायचं?" मी पप्पांवर ओरडायचो. आधी पेट्या पडद्यामागे गेल्या. मग सातिवलीला गाळा घेऊन मी फर्निचर सुरू केलं आणि एक दिवस पेट्यांचं काम बंदच केलं. पप्पा एवढंच म्हणाले, "तू बघ बाबा. आता दुकान तुझं."

धंदा चालला, खोटं कशाला बोलू? मला वाटायचं, घराण्यात अक्कल काय ती मलाच.

एकदा एका बिऱ्हाडाला जेवायचं टेबल घाईनं हवं होतं. दुकानाच्या माळ्यावर फणसाच्या फळ्या होत्या, वर्षानुवर्षं सुकलेल्या, पिवळ्याधमक. एका बाजूला पेन्सिलीनं माप लिहिलं होतं. राहिली असेल कुणाची जुनी ऑर्डर, म्हणून मी त्याच फळ्यांचं टेबल केलं आणि ती बाजू खाली घेतली. तिला रंधासुद्धा मारला नाही. टेबलाखाली कोण बघतंय?

दोन दिवसांनी पप्पांना माळा रिकामा दिसला. "वरच्या फळ्या कुठं गेल्या रे?" मी फुशारकीनं सांगितलं. ते स्टुलावर बसले.

"जेवायचं टेबल? बरं झालं. कामी आल्या."

त्याच वर्षी पप्पा गेले. पेटीजोगं सुकलेलं लाकूड ना दुकानात होतं ना गाळ्यात, वेळही नव्हता. दुसऱ्या गावातून तयार पेटी आणली, प्लायवूडची. ती खांद्याला अपुरी पडली. आयुष्यभर दुसऱ्यांना नीट निजवणाऱ्या माणसाला आम्ही तिरकं करून आत ठेवलं. तेव्हा आई म्हणाली, "अरे, त्यांच्या फळ्या होत्या ना माळ्यावर? त्यांनी स्वतःसाठी ठेवलेल्या?"

आईचं ते वाक्य अजून कानात आहे. 

चर्चमध्ये पप्पांसाठी महिन्याची मिस्सा झाली आणि मी त्या बिऱ्हाडाच्या फ्लॅटवर गेलो. दुसरं चांगलं टेबल देईन, पण हे परत मागायचंच, असं ठरवून गेलो होतो. बाईंनी त्याच टेबलावर चहा ठेवला. समोर त्यांची मुलगी वरणभात खात होती.  "पाय हलतोय का बघतो," म्हणून मी खाली वाकलो.

पप्पांचंच अक्षर. उंची पाच फूट चार. खांदा एकोणीस इंच. एकट्यानं स्वतःच्या खांद्याला दोरी कशी लावली असेल त्यांनी?

"हलतोय का हो?" वरून बाईंनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "पक्कं आहे."