ओल्या लाकडाची बुखारी

दोन हजार चारच्या नोव्हेंबरात आमची प्लाटून काश्मीरमधल्या एका उंच पोस्टवर चढली. मी नायक होतो. गाव अंजूर, तालुका भिवंडी. माझ्याच सेक्शनमध्ये लान्स नायक दिलीप होता, आमच्याच तालुक्यातल्या पूर्णा गावचा. तरी आमची ओळख झाली ती ट्रेनिंग सेंटरमध्ये.

पोस्टवर बंकर गरम ठेवायला बुखारी असते. पत्र्याची उभी शेगडी. आत लाकूड जळतं, धूर पाइपातून छपराबाहेर जातो. तिची जबाबदारी माझ्याकडे होती. लाकूड वर्षभर वाळलेलं घ्यायचं, टोकाला चिरा पडलेलं. दोन ओंडके एकमेकांवर आपटायचे. टणटणीत वाजले तर कोरडे, बद्द वाजले तर आत पाणी. आधी छपरावर जाऊन पाइपाचं तोंड मोकळं करायचं. खिडकी चार बोटं उघडी ठेवायची. पेटता कागद आतून पाइपाशी धरायचा. ज्योत वर ओढली गेली तरच ढलप्या लावायच्या. रॉकेल ओतायचं नाही. झोपण्याआधी विझवायची. तशी स्टँडिंग ऑर्डर होती.

जानेवारीत जो लाकडाचा लोड आला तो ओला होता. साल सोलली की हात भिजायचा. मी सुभेदार साहेबांना ओंडका दाखवला.

"साहेब, हे धुमसणार. पाइप काजळीने भरेल."

"रस्ता बंद आहे. आहे त्यात मॅनेज करा."

"वर कळवायला हवं, साहेब."

"कळवलंय."

आठवड्याने साफ होणारा पाइप मी दर दोन दिवसांनी साफ करू लागलो. दिलीप हसायचा. "तू पलटणीत न्हाय, भिवंडीत पावरलूमवर पायजे व्हता. मशिन पुसत बसला असता."

त्या दिवशी सकाळी सहाला तो गार्डवरून उतरला. अंगात ताप होता, मोजे गोठले होते. बुखारी मी पेटवली. पाइप आदल्या दिवशीच साफ केला होता, खिडकी उघडी होती. बंकरातल्या सिपायाला सांगितलं, "सातला विझव." साडेसहाला मी वॉटर पार्टी घेऊन खाली ओढ्याकडे निघालो.

पावणेसातला बर्फ सुरू झाला. स्टोअरचं छप्पर वाकायला लागलं, म्हणून पोस्टवरच्या सगळ्यांना फावडी घेऊन तिकडे बोलावलं. तो सिपाईही गेला. दिलीपला आजारी म्हणून झोपू दिलं. बुखारी जळत राहिली.

सव्वानऊला रेडिओ वाजला.

"पार्टी वापस लाओ. एक कॅज्युअल्टी. ओव्हर."

"दुश्मन का फायर आया क्या? ओव्हर."

"निगेटिव्ह. बुखारी. ओव्हर."

मी वर पोचलो तेव्हा बंकरात धूर फारसा नव्हता. जो वायू मारतो त्याला वास नसतो. खिडकी आतून लावलेली होती. दिलीपला थंडी वाजली असेल. पाइपाच्या तोंडावर बर्फ, आत चिकट काजळी. दिलीप खाली जमिनीवर होता. नर्सिंग असिस्टंट त्याची छाती दाबत होता. दहा वाजून पाच मिनिटांनी तो थांबला.

चौकशी झाली.

"बुखारी कोणी पेटवली?"

"मी, साहेब."

"लाकूड?"

"ओलं होतं."

जबाब लिहून घेणाऱ्या क्लार्कने चौकशीच्या साहेबांकडे पाहिलं. दोन दिवसांनी माझा टाइप केलेला जबाब सहीला आला. त्यात लाकडाचा उल्लेख नव्हता. मी वाचला आणि सही केली. निष्कर्ष निघाला: खिडकी बंद करून झोपला, स्वतःचा निष्काळजीपणा.

मे महिन्यात सुट्टीवर आलो आणि पूर्ण्याला गेलो. गोदामांच्या भिंतीमागे दिलीपचं घर. त्याची आई दारात बसली होती.

"साहेब आलते," ती म्हणाली. "ड्युटीवर ग्येला म्हनले. कसा ग्येला ते कोनी सांगत न्हाय. तू तरी सांग."

मी सगळं सांगितलं. सहीचंही.

"वलं लाकूड ज्यानं धाडलं, त्याचं नाव लिवलं?"

"नाही, मावशी."

"आन् माझ्या पोराचं लिवलं."

"हो."

ती उठून आत गेली. मी निघालो. पुन्हा त्या दारात जायची माझी हिंमत झाली नाही.

लान्स नायक दिलीप. वय सव्वीस. अंगात ताप असताना त्याने पहाटेची गार्ड पुरी केली, बदलीच्या जवानाला पोस्ट नीट ताब्यात दिली आणि मगच झोपला. निष्काळजी तो नव्हता.