दुपारच्या खेळाला दोघं

चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून तो काचा घासायचा आणि फ्रेममध्ये बसवायचा. आठवडाभर काम असे. रविवारी दुकान बंद, आणि बायको गेल्यापासून घर खायला उठायचं. एका रविवारी त्याने सासूबाईंना फोन लावला.

"आई, सिनेमाला येता?"

"कुठल्या?"

"कुठल्याही."

"या मग घ्यायला," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून दुपारच्या खेळाला दोघं जाऊ लागले. सासूबाईंची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात, लोकांचे आवाज ऐकण्यात गेली होती. त्यामुळे पडद्यावरचं काही त्यांच्या गळी सहजासहजी उतरत नसे. न्यायाधीश बाप आणि दुरावलेला मुलगा यांचा सिनेमा पाहून बाहेर पडताना त्या म्हणाल्या, "बापलेक एवढे ढसाढसा रडले, पण एकाचं तरी नाक वाहिलं का?" बहिणीचं मूल वाढवणाऱ्या बेकरीवालीच्या सिनेमात त्याचे डोळे भरून आले होते. सासूबाई म्हणाल्या, "बाई गुणी आहे हो. पण मुलीला हाक मारते ती शेजाऱ्याच्या मुलीला मारल्यासारखी."

बसस्टॉपपर्यंत असंच बोलणं चालायचं. जिच्यामुळे त्यांचं नातं जुळलं होतं, तिचं नाव मात्र दोघंही काढत नसत. "चहाला घरी चला," असं तो दर वेळी म्हणे, आणि सासूबाई गुडघ्यांचं निमित्त काढत. तो मनाशी समजून होता. आजार उशिरा कळला, तो आपण वेळेवर ओळखला नाही, म्हणून या आपल्या घरात पाय ठेवत नाहीत.

मग तो दोन बहिणींचा सिनेमा आला. धाकटी जाते. पुढच्याच दृश्यात तिचा नवरा कपाट उघडतो, कपडे पिशव्यांत भरतो, आणि कपाट रिकामं.

"इतक्यात?" सासूबाई मोठ्याने म्हणाल्या. पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून पाहिलं. त्या उठल्या आणि अंधारात चाचपडत बाहेर गेल्या. तोही मागोमाग गेला.

बाहेर तिकीटखिडकीजवळच्या बाकावर त्या बसल्या होत्या. तो शेजारी बसला.

"तिचं कपाट मी अजून उघडलेलं नाही," तो म्हणाला. "हिंमतच होत नाही."

सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "मला वाटलं, तुम्ही केव्हाच सगळं देऊन टाकलं असेल. ते रिकामं कपाट बघायला नको, म्हणून येत नव्हते मी."

"आणि मला वाटायचं, तुमचा माझ्यावर राग आहे. उशिरा लक्षात आलं म्हणून."

"वेडे आहात का?" त्या म्हणाल्या. "मला तरी कुठे कळलं होतं? रोज फोनवर बोलायची माझ्याशी. जन्म आवाज ऐकण्यात घालवला, आणि पोटच्या पोरीचा थकलेला आवाज ओळखता आला नाही मला."

उरलेला सिनेमा त्यांनी पाहिला नाही. बस पकडून ते त्याच्या घरी गेले. जिने चढताना सासूबाई दोनदा थांबल्या, पण चढल्या. कपाट त्यांनीच उघडलं. वरच्या खणातला करडा स्वेटर काढून छातीशी धरला आणि पलंगावर बसून रडल्या. तो दारातच उभा होता. मग आत जाऊन तो त्यांच्या शेजारी बसला, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कुणासमोर रडला.

त्या दिवशी कपाटातलं काहीच कुणाला दिलं नाही. सासूबाई स्वेटर अंगात घालून घरी गेल्या. पुढचे काही रविवार दोघांनी मिळून एकेक खण आवरला. कोणती साडी कुणाला द्यायची यावरून वाद झाले. तिच्याबद्दल मात्र आता ते बोलू लागले होते.