काय सोडलंत?

आमचे सर पेशंटच्या पोटाला हात लावण्याआधी हमखास एक प्रश्न विचारायचे: काय सोडलंत? काय खाल्लं ते सगळेच डॉक्टर विचारतात. सरांना मात्र वर्षभरात कुठला पदार्थ, कुठलं काम, कुठली सवय सुटली ते हवं असायचं. "माणूस दुखणं लपवतो गं, पण सोडलेली गोष्ट विचारली की बोलून जातो," म्हणायचे. मी नुकतीच त्यांच्या हाताखाली रुजू झाले होते आणि मला सगळं येत होतं, त्यामुळे हे मला म्हाताऱ्या सर्जनचं खूळ वाटायचं.

एकदा भैरवगढहून कापडावर ठसे छापणाऱ्या घरातली सत्तरीची अम्मा आली. दोन दिवस उलट्या, पोट फुगलेलं. पोटावर जुन्या ऑपरेशनचा व्रण नाही, हर्निया नाही, म्हणजे आतडं अडकायचं कारण दिसत नव्हतं. सलाईन लावल्यावर दुखणंही कमी झालं. मी कागदावर ठळक अक्षरांत 'गॅस्ट्रो' लिहिलं आणि मुलाला सांगून टाकलं, "कल छुट्टी कर देंगे."

सर राउंडला आले, स्टूल ओढून अम्माजवळ बसले.

"अम्मा, इस साल क्या खाना छोड़ा?"

"कचोरी छोड़ दी बेटा. महाकाल के नाम पे."

"महाकाल के नाम पे, कि पेट के डर से?"

अम्माने सुनेकडे पाहिलं आणि पदर तोंडाशी धरला. "खाते ही इधर दाहिने दर्द उठता था. बहू डॉक्टर के पास ले जाने की ज़िद करती. तो बोल दिया, मन्नत है."

सरांनी एक्स-रे खिडकीशी धरला. "हे बघ, यकृतापाशी ही बारीक काळी रेघ. हवा आहे ती. इथे हवेचं काय काम?" तो एक्स-रे मी दोनदा पाहिला होता. पित्ताशयातला खडा भिंत पोखरून आतड्यात उतरला होता आणि त्याच भोकातून आतड्यातली हवा वर चढली होती. अडकलेला खडा पुढे सरकला की अम्माला जरा आराम पडायचा, आणि त्या आरामालाच मी फसले होते. घरी पाठवलं असतं तर अम्मा वाचली नसती.

"दवा से नहीं होगा, साब?" मुलगा रडवेला झाला होता.

"दवा से पत्थर नहीं निकलेगा. मैं निकालूँगा."

आणि काढला! आवळ्याएवढा खडा, लहान आतड्याच्या अगदी शेवटी रुतलेला. मी उत्साहाच्या भरात विचारलं, "सर, पित्ताशयही काढून टाकायचं ना?" ते टाके घालत म्हणाले, "आज नाही. अम्मा थकलीय. आज तिला जगवायचं, बस." दहाव्या दिवशी अम्मा स्वतःच्या पायांनी जिना उतरून गेली. मी मात्र त्या दिवसापासून कायमची 'गॅस्ट्रो' झाले. "काय गॅस्ट्रो, चहा घेतेस?" अख्ख्या वॉर्डासमोर! राग यायचा, पण मनातून मला ते नाव आवडायचं.

सर माधव नगरातल्या घरून रोज पायी यायचे. निवृत्तीच्या वर्षी रिक्षाने येऊ लागले. "गुडघे, दुसरं काय," म्हणाले. त्याच महिन्यात त्यांच्याकडे सत्यनारायण होता. सर दोन तास पाटावर मांडी घालून बसले आणि हात न टेकता उठले. मी प्रसादाची वाटी तशीच खाली ठेवली.

"सर, चालणं गुडघ्यांमुळे सोडलंत की छातीच्या भीतीने?"

सरांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "काकूंना सांगू नकोस."

"सांगणार," मी म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन सांगितलंसुद्धा.

तीन नसा बंद निघाल्या. इंदूरला बायपास झाली. अडीच महिन्यांनी एका सकाळी वॉर्डाच्या दारात सर उभे, कपाळावर घाम, चपलांवर माधव नगरपासूनची धूळ. मी धावत गेले. ते मागे वळून नर्सला म्हणाले, "सिस्टर, स्टूल द्या जरा. डॉक्टर आल्यात."

मला डॉक्टर म्हणण्याची त्यांची ती पहिलीच वेळ. मी तिथेच, सगळ्यांसमोर, रडले.