वहिनीचा कोळसा, मामांचा चहा

सत्तरच्या दशकात सगळं ताडकळस कापूस अन् ज्वारीत गुंतलेलं असताना आमच्या वहिनीनं माहेरच्या पाटल्या मोडून परसात विलायती कोंबड्या पाळल्या. अंडी अशी, की एकावर बसून मी पेपर वाचायचो.

पावसाळा आला, शेडमध्ये कोंबड्यांखाली अंथरलेली भुईमुगाची टरफलं ओली झाली अन् कोंबड्यांच्या घाणीतून अमोनिया उठला. डोळ्यांत असा झोंबायचा, की कावळेसुद्धा आमचं घर टाळून चुडाव्यावरून वळसा घालायचे. वहिनीनं शेड पाण्यानं धुतलं, तर वास दुप्पट! कोंबड्यांचे डोळे चिकटले.

शेजारचे मामा पंचायतीचे मेंबर. ते कुंपणावरून ओरडले, "सूनबाई, येत्या बाजाराला ही पीडा विकून टाक. न्हाईतर पंचायतीत ठराव घेतो. रडून रडून धोतर भिजायलंय माझं!"

दादा शाळेत विज्ञान शिकवायचा. तो म्हणाला, "कोळशात नजरेला न दिसणारी बारीक भोकं असतात. हा वायू आत शिरला की भिंतींना चिकटून बसतो, तापवलं की सुटतो. कोळसा कोरडा पाहिजे मात्र."

त्याचं बोलणं संपायच्या आत वहिनी कामाला लागलेली. सरपणाला ठेवलेल्या कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या खड्ड्यात रचून पेटवल्या, वर माती लोटून धुमसत ठेवल्या. निघालेला कोळसा फोडला, चाळला, ओली टरफलं काढून कोरडी अंथरली अन् त्यांवर पसरला. टोपली वाहून मी असा काळा झालो, की आमच्याच कुत्र्यानं मला वेशीपर्यंत पिटाळलं. अशी बाई मी पुन्हा पाहिली न्हाई. जुना कोळसा काढून नवा टाकताना तिच्या बांगडीचाही आवाज व्हायचा न्हाई, कोंबड्या बिचकतील म्हणून.

बाजाराच्या आदल्या दिवशी मामा नाकाला उपरणं लावून आले. उपरणं काढलं. हुंगलं. परत हुंगलं. वास गायब!

"वारा फिरला असंल," मामा म्हणाले. "कोळसा काय करतोय? मेलेलं लाकूड ते! उद्या कोंबड्या बाजारात दिसल्या पाहिजेत."

मला वाटलं, वहिनी आता रडते. तिनं शेडमधून काढलेल्या कोळशाचं टोपलं पुढं सरकवलं. "बरं मामा. हा वाया चाललाय, चहाला तरी न्या."

फुकटचं म्हणताच मामांनी टोपलं उचललं.

शेगडी तापली मात्र, अन् कोळशाच्या पोटात कोंडलेला अमोनिया एकदम सुटला! पुढं मामा, मागं मामी, त्यामागं मांजर. मामा कुंपणाशी थांबले. मांजर गंगाखेडच्या अलीकडं थांबलं न्हाई.

वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आधीच उभी.

"अगं, तुझ्या शेडचा सगळा वास ह्या कोळशात हाय की!" मामा डोळे धुत म्हणाले.

"न्हाई हो मामा. वारा फिरला असंल."

मामी अशा हसल्या, की त्यांच्या अंगणातलं तुळशीवृंदावन हललं. मामांनी ओल्या डोळ्यांनी एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा शेडकडं.

दुसऱ्या दिवशी बाजारात कोंबड्या गेल्या न्हाईत, अंडी गेली. टोपलं मामांच्या डोक्यावर होतं, अन् वाटेत भेटेल त्याला ते कोळशाची भोकं समजावून सांगत होते.