रूथची ओटी

सप्टेंबर १९८२, सॅन फ्रान्सिस्को. हजर : मी, माझे यजमान, माझी धाकटी बहीण कुसुम आणि कुसुमसोबत राहणारी रूथ.

हे मी यजमानांनाही सांगितलेलं नाही.

कुसुमच्या प्रत्येक पत्रात रूथचं नाव असे. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. नागपूरला लकडगंजच्या घरी कुसुमची पत्रं मी वाचायचे, उत्तरंही मीच लिहायचे. मी वाचताना काही ओळी गाळत असे, तरी आईने ओळखलं. मी बॅग भरत होते, तेव्हा हिरवा खण, सुपारी आणि हळदकुंकवाच्या पुड्या घेऊन आली.

"त्या पोरीची ओटी भरजो वं."

"ती काय सून आहे?"

"सून म्हन का जावई म्हन — माह्या पोरीचं मानूस आहे ते."

बॅगेच्या तळाशी ठेवलं. वर लोणचं, संत्राबर्फी, स्वेटर.

कुसुमने आम्हांला तिची गल्ली दाखवली. पुरुष पुरुषांच्या खांद्यावर हात टाकून चाललेले, दारात दोन बायका एकमेकींना बिलगून उभ्या, कुठूनतरी गाणी. कुसुमने भररस्त्यात रूथचा हात धरला होता. नागपुरात मान खाली घालून चालणारी ही मुलगी — खदखदून हसत होती. यजमान दुकानं बघत राहिले. मी? मी दोन पावलं मागे राहिले.

निघायच्या दिवशी स्वयंपाकघरात कुसुमने हळूच विचारलं, "ताई, रूथसाठी काही देल्लं काय वं आईनं?" रूथ शेजारीच पोळपाट पुसत उभी होती.

"लोणचं देल्लं," मी म्हटलं. "लवकर संपवा, बुरशी येते."

लोक काय म्हणतील — असं म्हणू का? पण तिथे लकडगंजचं कोण होतं बघायला? त्या शहरात तर कुणी वळूनही पाहिलं नसतं.

परत आले. आई दारातच.

"भरली काय ओटी?"

"भरली."

"कशात घेतली? पदर तं नसन तिले."

"कुसुमनं आपली साडी नेसवली होती."

"पाया पडली?"

"पडली."

आई डोळे पुसत हसली. मग वाट बघत बसली — दोघी येतील म्हणून. पत्रात तसं लिहायला सांगायची. मी हवापाणी लिहायचे. तीन वर्षांनी ती गेली.

कुसुमचा फोन आला. खूप वेळ रडली. मग म्हणाली, "आईनं रूथचं नाव नाही घेतलं ना वं कधी?"

"नाही," मी म्हटलं.

घरात आलेले खण मी कुणाकुणाला देऊन टाकते, साठवत नाही. तो हिरवा तेवढा कपाटात आहे. सुपारीला कीड लागते, म्हणून दोनदा बदलली. पुड्या नव्या बांधल्या.

ओटी भरायची आहे.