वैशाखातली ओल

वैशाखात भिंत ओली असू नये, एवढे मला कळत होते. गढा मोहल्ल्यातल्या आमच्या घरात पावसाळ्यात कपाटांना बुरशी येते, पुस्तकांना कुबट वास लागतो आणि दसऱ्यानंतर सारे आपोआप वाळते. त्या वर्षी मात्र बाहेर गरम वाऱ्याची लू वाहत असताना, गच्चीवरचे धुणे घटकाभरात कडक होत असताना, बाबांच्या खोलीची भिंत हाताला गार लागत होती.

डाग प्रथम छताच्या कोपऱ्यात दिसला, तळहाताएवढा. मग तो उतरत उतरत बाबांच्या उशीपर्यंत आला. वर, त्यांच्या डोक्याच्या नेमके वर, छताचे प्लास्टर फुगले. बाबांनी डागावर कॅलेंडर टांगले. काही दिवसांत कॅलेंडरची खालची पाने वाकू लागली.

“बाबा, तुम्ही बाहेरच्या खोलीत झोपा न,” मी म्हणत असे.

“काहून? तिथे काय आहे?”

बाबा ऐंशी उलटलेले, संरक्षण कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांच्याशी वाद घालण्याचा सराव मला कधीच नव्हता. ती खोली त्यांनी मुद्दाम निवडली होती. देवांच्या डोक्यावरून कुणी चालू नये म्हणून आमचे देवघर वरच्या मजल्यावर आहे आणि बाबांची खोली त्याच्या बरोबर खाली. आई गेल्यापासून ते देवांच्या पायाशी झोपत.

त्याच सुमारास परसातली तुळस वाळली. दुसरी लावली, तीही वाळली. आमच्याकडे तुळशीला वेगळे पाणी घालत नाहीत. देवांच्या अभिषेकाचे तीर्थ तिला जाते आणि तिने त्यावरच वाढावे, हा बाबांचा नेम. ते पाणी वरून खाली कसे जाते, हा प्रश्न लहानपणापासून मला पडला नव्हता. बाबांना मात्र वाळलेल्या तुळशीत भलतेच काही दिसले. “आता आपली पाळी,” असे ते एकदा चहा पिताना सहज म्हणाले. त्यानंतर त्यांचा अभिषेक लांबत गेला. रिक्षावाल्याला सांगून तिलवाऱ्याच्या घाटावरून नर्मदेचे पाणी कॅनमधून येऊ लागले. जिन्याचा कठडा धरून ते चढत आणि वर बराच वेळ पाणी पडल्याचा आवाज येत राही.

फुगलेल्या प्लास्टरमधून त्यांच्या चादरीवर वाळूचे कण पडू लागले, तेव्हा मी त्यांना न विचारता ओल तपासणाऱ्या इंजिनिअरला बोलावले. तो तरुण सदर भागातून आला. घरी मराठी, बाहेर हिंदी, अशा आमच्यासारख्याच घरातला. “काका, समजते सगळं, बोलताना गडबड होते,” असे त्याने आधीच सांगून टाकले.

दोन सुयांचे एक यंत्र तो भिंतीला टेकवत गेला. दाराजवळ ते गप्प राहिले. पलंगाकडे सरकले तसे कुरकुरू लागले आणि उशीपाशी थांबेचना. मग त्याने उष्णता टिपणारा कॅमेरा काढला. पडद्यावर तापलेली भिंत नारिंगी दिसत होती आणि तिच्यातून, छतापासून जमिनीपर्यंत, एक निळी जीभ लोंबत होती.

“यात देव दिसतो का तुमच्या?” बाबांनी पलंगावरूनच विचारले.

“देव नाही काका, पाणी दिसून राहिलं. या भिंतीत पाइप आहे का, दीदी?”

“नाही,” मी म्हणाले. “न्हाणीघर त्या बाजूला आहे.”

“आहे,” बाबा म्हणाले.

घर बांधताना त्यांनी गवंड्यापाशी उभे राहून लोखंडी नळी भिंतीत पुरून घेतली होती. तीर्थ कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून अभिषेकाचे पाणी जिथे पडते त्या देवघरातल्या कुंडीपासून ती छतातून, भिंतीतून, जमिनीखालून थेट तुळशीच्या मुळाशी नेली होती. सांगताना त्यांच्या आवाजात जुना अभिमान होता. तो फार वेळ टिकला नाही.

“सडली आहे ती,” इंजिनिअर म्हणाला. “पाणी तुळशीपर्यंत जातच नाही. भिंतच तीर्थ घेऊन राहिली. रोज किती टाकता?”

“आधी कलशभर टाकत होतो.” बाबा थांबले. “तुळस वाळली तशी घागर.”

इंजिनिअरने हातोडीच्या दांड्याने छत ठोकायला सुरुवात केली. कोपऱ्यात आवाज भरीव होता. पलंगाच्या वर तो पोकळ झाला. आतल्या सळया गंजून फुगल्या आहेत, किती ते उघडल्याशिवाय सांगता येणार नाही, असे तो म्हणाला. “पलंग आजच काढा. आणि वरचं पाणी बंद.”

“आज अमावस्या,” बाबा म्हणाले. “आज जागा हलवायची नाही. उद्या बघू.”

“काका, छताला पंचांग नाही समजत.”

“चलो, तुमचं काम झालं,” बाबांनी त्याला निरोप दिला.

त्याला फाटकापर्यंत सोडून मी परतले, तर बाबा पलंगावर आडवे झाले होते, डोळे छताकडे. मी पलंगाचा पायाकडचा भाग धरला आणि ओढला. पलंगाचे पाय फरशीवर किंचाळले.

“हे काय करून राहिली?”

मी ओढत राहिले. पलंग दारात अडकला तेव्हा बाबा उठले. मला वाटले, रागावतील. त्यांनी उशी काखेत घेतली, कॅलेंडर उतरवले आणि मी पलंग तिरका करून काढल्यावर मुकाट्याने बाहेर येऊन खुर्चीवर बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कुंडीऐवजी परातीत, कलशभर पाण्याचाच अभिषेक केला. परात घेऊन मी जिना उतरत असताना खोलीतून आवाज आला. पोते टाकल्यासारखा, जड. परात हातात तशीच धरून मी दार ढकलले. पलंगाच्या पायांचे डाग जिथे फरशीवर उरले होते, तिथे छताचा मोठा तुकडा पडला होता. वर गंजलेल्या सळया उघड्या पडल्या होत्या आणि एका सळईच्या टोकाला पाण्याचा थेंब धरला होता.

“काय पडलं?” वरून बाबांनी विचारले.

“छत,” मी म्हणाले. “थोडंच. बाकी आहे.”

बाबा जिन्याच्या तोंडाशी आले.

“तीर्थ सांडू देऊ नको,” ते म्हणाले. “तुळशीला घाल.”

परसात वृंदावनात एक वाळकी काडी उभी होती. मी तिच्या मुळाशी परात ओतली. माती इतकी तडकलेली होती की पाणी आवाज करत आत गेले, आणि मागे, घरात, आणखी काहीतरी कोसळले.