हुंगून निवडलेलं बेणं

आश्विन सरत आला की सकाळी पातळसा गारवा सुटतो आणि न्हाणीच्या चुलीचा धूर वर न जाता अंगणातच रेंगाळतो. मला त्या धुरात अजूनही लसूण जाणवतो. न्हावऱ्याच्या आमच्या घरी लसणाचं बेणं त्या चुलीवरच्या वाशालाच टांगलेलं असे. सुकल्या पातीची वेणी घातलेले ते गड्डे उन्हाळा-पावसाळा धूर पिऊन काळपट झालेले असत.

तो लसूण माझ्या सासूबाईंनी माहेरहून आणलेला. मी त्यांना आत्या म्हणत असे. बारीक कुड्यांचा, आतून गुलाबी, ठेचला की शेजारच्या अंगणात कळावा इतका उग्र. त्यांच्या माहेरच्या मळ्यावर आता कंपनीची शेड उभी आहे. त्या मातीचा हा लसूण तेवढा उरला होता. दिवाळीच्या आधी तो कांद्याच्या वाफ्यांच्या वरंब्यांवर लागे. बेणं निवडताना आत्या एकेक कुडी नखाने टोकरून हुंगत. "हिला आवाज न्हाई," म्हणत मवाळ कुडी स्वयंपाकाच्या टोपलीत टाकत. वासाला त्या आवाज म्हणत.

एका वर्षी तापातून उठल्या त्या नाक हरवूनच. आदल्या दिवाळीत धाकट्या दिरांनी तळेगावच्या बाजारातून 'गावरानच हाय' म्हणून आणलेला लसूण शेजारच्या वाफ्यात लावला होता, आणि काढणीच्या घाईत दोन्ही एकाच वाशाला टांगले होते. आश्विनात वेण्या उतरवल्या तेव्हा सगळे गड्डे सारखेच काळे, सोलले तर सारखेच गुलाबी. चुकीचं बेणं लागलं असतं, तर आत्यांचा लसूण भाजी-आमटीत संपून गेला असता.

आत्यांनी एक कुडी टोकरली, नाकाशी धरली, पुन्हा धरली. मग हात माझ्यापुढे केला.

"हुंग. मला कायबी येईना."

"वैनी काय वळखणार?" दीर हसले. "दौंडच्या रेल्वे कॉलनीतलं नाक ते. डिझेल वळखंल फार तर."

"तू गप ऱ्हा. समदा एका वाशाला कुणी टांगला? आन् ही कविता करती नव्हं? मंग वास सांगायला काय झालं हिला?"

मी हुंगत गेले. चार-पाच कुड्यांनंतर सगळ्यांचा एकच वास यायला लागला. उठून परसात गेले, ओल्या मातीवर उभी राहून मोकळा श्वास घेतला, परत येऊन पुन्हा बसले. आता हळूहळू दोन वास वेगळे होऊ लागले. एक समोर येऊन तिथेच विरणारा, भिजल्या कागदासारखा. दुसरा नाकाच्या मुळाशी टोचणारा, आणि तो ओसरल्यावर मागून, कितीतरी उशिरा, ओल्या भुईमुगाच्या शेंगेसारखी गोडी.

मी हे सारं मोठ्याने सांगत होते. आत्या डोळे मिटून ऐकत होत्या.

"शेंगंसारखं? मागनं येतंय?"

"हो आत्या, मागून."

त्यांनी माझ्या हातातली ती कुडी घेतली आणि कचकन चावली. डोळ्यांतून पाणी आलं. वास गेला होता, जिभेचं झोंबणं शाबूत होतं.

"योच," त्या म्हणाल्या. "योच हाय त्यो."

मग मी हुंगून पुढे करायची, त्यांनी गड्ड्यामागे एक कुडी चाखून बघायची, असं ऊन चढेपर्यंत चाललं. दिवसभर दोघींच्या तोंडाजवळ कुणी येईना. निवडलेलं बेणं अर्धी पाटीच भरलं. दुसऱ्या दिवशी आम्ही ते लावलं. शेंडा वर, बूड खाली, थंड ओल्या मातीत बोटाच्या पेराएवढं खोल.

थंडीत हिरवी पात उठली. आत्यांनी एक पात तोडली, चुरगळली आणि माझ्या नाकाशी धरली.

"सांग."

"आवाज आहे, आत्या."

आत्या आता नाहीत. बेणं मात्र अजून त्याच वाशाला धूर पीत असतं. आश्विनात मी पाटी घेऊन न्हाणीच्या दाराशी बसते आणि हुंगलेल्या कुडीचा वास, जुन्या सवयीने, मोठ्याने सांगते. परवा दीर बाजारातून एक गड्डा घेऊन आले. चेष्टा केली नाही. कुडी टोकरून माझ्यापुढे धरली.

"वैनी, बघा बरं. हिला आवाज हाय का?"

नव्हता. तो गड्डा रात्रीच्या आमटीत गेला.